प्रश्न तेच, उत्तरं तीच

सरांच्या मते जगात माणसं दोन प्रकारची होती. बोललेलं ऐकणारी आणि न बोललेलं ओळखणारी. दुसऱ्या प्रकारात त्यांना आजवर एकच माणूस सापडला होता आणि तो रोज सकाळी त्यांच्याच आरशासमोर दाढी करायचा.

सर म्हणजे ताईचे वडील. घरात त्यांना बाबा कुणीच म्हणत नसे. आईसुद्धा ‘सरांचं पाणी तापलं का बघ’ असंच म्हणायची. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांसाठी त्यांचा क्लास होता आणि क्लासाचा सगळा डोलारा एका पुस्तकावर उभा होता. विधान आणि गृहीतक. एक विधान द्यायचं, त्याखाली दोन गृहीतकं द्यायची आणि विचारायचं, की बोलणाऱ्याने न बोलता यातलं काय धरून ठेवलंय? फक्त पहिलं, फक्त दुसरं, दोन्ही की एकही नाही? ‘लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा.’ जिना मोकळा आहे, हे यात धरलेलं आहे. लिफ्ट उद्या सुरू होईल, हे धरलेलं नाही. शंका आली तर गृहीतक पालथं घालायचं. जिना मोकळा नाही असं म्हणून बघायचं. विधान कोसळलं, तर ते गृहीतक आत लपलेलं होतंच. असे सहाशे प्रश्न, आणि आता चौदावी आवृत्ती निघायची होती.

सरांनी स्वतः लिहिलेला शेवटचा प्रश्न नऊ वर्षांपूर्वीचा होता आणि तोही चुकला होता. त्यानंतरच्या आवृत्त्या ताईच्या. ती अडतीस वर्षांची होती. क्लासाच्या हॉलमागे प्लायवूडची भिंत घालून केलेल्या खोलीत ती बसायची. खोलीत एक संगणक, एक कुरकुरणारी खुर्ची आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे. उमेदवार तिला टायपिंगवाल्या ताई म्हणायचे. तीही कधी खोडून काढत नसे. अडाणी माणसाची चूक दुरुस्त करणं म्हणजे त्याला आपल्या बरोबरीला बसवणं, असं तिचं मत होतं. हे मत तिने सरांकडूनच उचललं होतं, फक्त ते तिला ठाऊक नव्हतं.

काम मात्र तिचं चोख. खालच्या झेरॉक्सवाल्याकडे जुन्या आवृत्तीच्या उत्तरांची पानं राजरोस मिळत. म्हणून दर आवृत्तीला ती सहाशे प्रश्नांचा क्रम बदलायची, शे-दीडशे प्रश्न काढून नवे घालायची आणि सगळ्यात शेवटी, बाकीचं पुस्तक छापखान्यात गेल्यावर, उत्तरसूची नव्याने करायची. आठवडाभराचं काम. एकेक प्रश्न पालथा घालायचा, मग उत्तराचं अक्षर लिहायचं. ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

चौदाव्या आवृत्तीचे प्रश्न छापखान्यात गेल्यावर आठवड्याने, जेवताना, सर म्हणाले, “या खेपेला मुखपृष्ठावर माझ्याबरोबर याचंही नाव घालतोय.”

‘हा’ म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. त्याला आपण चिरंजीव म्हणू. सर तसंच म्हणायचे. चिरंजीवांनी दोन वर्षं पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली, एक वर्ष ती परत घेतली आणि तेहेतिसाव्या वर्षी त्यांना साक्षात्कार झाला, की आपल्याला शिकवण्याची आवड आहे. आयत्या बिळावर नागोबा. क्लासात येऊन त्यांना चार महिने झाले होते. त्यातला दीड महिना नव्या फळ्याचा रंग ठरवण्यात गेला.

“याचं?” ताई म्हणाली.

“पुढे क्लास त्यालाच चालवायचाय. लोकांना नाव माहीत नको व्हायला?”

“आणि माझं?”

सरांनी ताटातून मान वर केली. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असावा, तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तुला कधी हौस होती नावाची?”

“अगं, तुझं नाव घालून काय करायचं?” आई म्हणाली. “उद्या लग्न झालं की आडनाव बदलायचं. परत सगळं छापायला लागेल.”

चिरंजीव जेवत होते. त्यांनी फक्त भाजी पुढे ओढली.

ताईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिने दोन्ही गिळून टाकलं. आईच्या एका वाक्यात चार गृहीतकं होती आणि त्यातलं लग्नाचं तर गेल्या दहा वर्षांत कुणी पालथं घातलं असतं तरी काहीच कोसळलं नसतं. ही माणसं लोकांना न बोललेलं ओळखायला शिकवणार. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. तिला त्या तिघांची किळस आली. तिने ठरवलं, आता मागायचं नाही. उत्तरसूची तयार आहे, ती टेबलाच्या खणात ठेवायची. उत्तरसूचीशिवाय पुस्तक निघत नाही. त्यांना मागायला माझ्या दारात यावंच लागेल. आले, की खण उघडायच्या आधी एकच वाक्य बोलायचं: नाव घाला, उत्तरं घ्या.

वाक्य तिने पाठ केलं. चार दिवस दारात कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी दारात पुस्तकांचे गठ्ठे आले.

मुखपृष्ठावर दोन नावं होती, वडिलांचं आणि मुलाचं. शेवटची आठ पानं उत्तरांची. ताईने पहिल्या दहा प्रश्नांची उत्तरं ताडून पाहिली आणि खुर्ची कुरकुरायची थांबली. तिने छापखानेवाल्या काकांना फोन लावला.

“उत्तरसूची कुठून आणलीत, काका?”

“तेराव्या आवृत्तीतली. मी विचारलं होतं तुमच्या भावाला. म्हणाले, प्रश्न तेच, उत्तरं तीच. जुनीच लावून टाका.”

ताईने फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. इतकं निर्मळ विधान तिला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. प्रश्नांचा क्रम बदललेला नाही, हे पोटात धरून चिरंजीवांनी सहाशे प्रश्नांच्या गळ्यात सहाशे परकी उत्तरं बांधली होती. चार पर्याय असल्यामुळे त्यातली दीडशेक निव्वळ नशिबाने बरोबर आली होती. बाकी सगळा आनंद.

आता कळेल, तिने मनाशी म्हटलं. दोन दिवसांत बोंब उठेल. पहिल्याच पानावर तोंडावर आपटतील, आणि मग कुणीतरी विचारील, की इतकी वर्षं उत्तरं बरोबर कशी येत होती? कोण करत होतं?

बोंब उठलीच नाही. उलट आठवड्याभरात गावभर झालं, की चौदावी आवृत्ती फार खोल आहे. वरवर सोपी वाटते, पण उत्तर काढून बघा. जे जुन्या पुस्तकात नव्वद टक्क्यांना होते, ते तिशीत आले आणि त्यांना सरांबद्दल नव्याने आदर वाटू लागला. समोरच्या क्लासातले उमेदवार चोरून पुस्तक घेऊन जाऊ लागले. एक जण तर ताईलाच म्हणाला, “आधीची पुस्तकं पोरखेळ होती हो. हे खरं पुस्तक.” ताईने त्याच्या हातात पावती ठेवली. अक्कल गहाण टाकायला इतकी लांब रांग लागते, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

अकराव्या दिवशी चिरंजीवांनी पहिला जाहीर तास घेतला. हॉल भरला होता. सर पहिल्या रांगेत, हाताच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून. ताई प्लायवूडच्या मागे. भिंतीच्या बिजागरीपाशी बोटभर फट होती आणि त्यातून तिला फळा आणि मधली रांग दिसायची.

“प्रश्न सतरा,” चिरंजीव म्हणाले. “डॉक्टर रुग्णाला म्हणाले, ‘ही गोळी जेवणानंतर घ्या.’ पहिलं गृहीतक, रुग्ण जेवणार आहे. दुसरं गृहीतक, सगळ्या गोळ्या जेवणानंतरच घ्यायच्या असतात. बरोबर उत्तर ब. फक्त दुसरं.”

ताईने हा प्रश्न नवशिक्यांना धीर यावा म्हणून लिहिला होता. उत्तर अ. शेंबड्या पोरालाही यावं असं.

“आता पहिलं का नाही?” चिरंजीवांनी खडू हवेत फिरवला. “कारण रुग्णाला भूक असेलच कशावरून? आजारी माणूस आहे. नाही जेवला तर? म्हणून पहिलं बाद. दुसरं बघा. डॉक्टर एवढ्या ठामपणे कशाच्या जोरावर सांगतात? सगळ्या गोळ्यांचा नियम माहीत असल्याशिवाय? म्हणून ब.”

माना हलल्या. वह्यांत लिहिलं गेलं. मधल्या रांगेत एक बाई बसायच्या. इस्पितळात नर्स होत्या. ड्यूटीवरून थेट येत, त्यामुळे पायात अजून पांढरे बूट. त्यांनी हात वर केला.

“सर, सगळ्या गोळ्या जेवणानंतर नसतात हो. थायरॉइडची आम्ही सकाळी उपाशीपोटी देतो. आणि डॉक्टर तर ‘ही गोळी’ म्हणतायत. एकाच गोळीबद्दल.”

चिरंजीवांनी पुस्तकात पाहिलं, पुस्तकात ब होता. त्यांनी सरांकडे पाहिलं. ताईने फटीला डोळा लावला. आता. सरांनी एक मिनिट डोकं चालवलं तरी पुरे.

सर खुर्चीतून न उठता मागे वळले. “सिस्टर, वॉर्ड बाहेर ठेवून आत यायचं. प्रश्नात जेवढं दिलंय तेवढंच धरायचं. बाहेरचं ज्ञान आणलंत, की गुण गेले. तुमच्यासारखे हुशार लोक इथेच फसतात.” मग सगळ्या हॉलकडे वळून त्यांनी पाच मिनिटं ब कसा बरोबर आहे ते उलगडून दाखवलं. काय ते वाणीचं तेज! सरांना उत्तराचं अक्षर तेवढं हातात द्यायचं, कारण ते मागाहून शोधून काढत. ताईला हे माहीत होतं. ते इतक्या थराला गेलंय, हे माहीत नव्हतं.

नर्सबाईंनी मान खाली घातली. पुस्तकातल्या सतराव्या प्रश्नापुढे त्यांनी पेन्सिलीने अ केला होता. त्यांनी तो खोडरबराने खोडला, वरची घाण फुंकली आणि तिथे ब लिहिला.

तास सुटल्यावर त्या मागच्या खोलीत आल्या.

“ताई, मागची आवृत्ती मिळेल का एखादी? जुनी, फाटकी चालेल.”

“कशाला?”

“ती मला जमत होती.” त्या उभ्याच राहिल्या. “सत्तर-ऐंशी टक्के यायचे. ह्यात पंचविसावर काटा हलत नाही. परीक्षा महिन्यावर आली आणि वयात बसणारा हा माझा शेवटचा चान्स. घरचे म्हणतात, सोड नाद. मलाही वाटायला लागलंय, की डोकंच कमी पडतंय.”

ताईने त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि पानं उलटली. पेन्सिलीचे खोडलेले अ, ब, क अजून पुसट दिसत होते. पानामागून पान ते बहुतेक सगळे बरोबर होते. या बाई रात्रपाळी करून, बसल्या जागी डुलक्या काढत, पंच्याऐंशी टक्के बरोबर सोडवत होत्या, मग मागची पानं उघडून स्वतःला मूर्ख ठरवत होत्या, आणि खरी उत्तरं इथे गुडघ्याशी, खणात पडून होती. ताईला लाज वाटली. इतके दिवस ती सगळ्यांना तुच्छ मानत मजा बघत बसली होती आणि त्या मजेची झळ नेमकी हॉलमधल्या एकमेव डोकं चालवणाऱ्या माणसाला लागत होती.

“खोडू नका,” ती म्हणाली. “पुस्तक चुकलंय, तुम्ही नाही.” तिने खण उघडला, उत्तरसूचीची एक प्रत काढली आणि त्यांना दिली. नर्सबाईंनी तिथेच उभ्या उभ्या एक पान ताडून पाहिलं आणि मग खाली बसल्या.

संध्याकाळी दुसरी प्रत घेऊन ताई सरांच्या टेबलापाशी गेली. चिरंजीव तिथेच होते. अभिनंदनाचे निरोप वाचत होते.

“छापलेली उत्तरसूची तेराव्या आवृत्तीची आहे,” ती म्हणाली. “क्रम बदललेला आहे. ही खरी.”

सरांनी चष्मा लावला. बोट ठेवून चार प्रश्न ताडले, मग आणखी चार.

“मला शंका होतीच,” ते म्हणाले.

“मला काय माहीत क्रम बदललाय ते?” चिरंजीव म्हणाले. “सांगायचं ना, ताई.”

“दर आवृत्तीला बदलते. नऊ वर्षं.”

“तुला ठाऊक होतं आणि तू गप्प बसलीस?” सर म्हणाले. आता त्यांचा तासाचा आवाज लागला. “थांब. नीट पायरीपायरीने बघू. उत्तरसूची करणं काम कुणाचं?”

“माझं.”

“ती वेळेवर दिलीस?”

“मागितलीच नाही कुणी.”

“दिलीस की नाही दिलीस?”

“नाही.”

“म्हणून जुनी छापली गेली. मग चूक कुणाची?”

ताईला त्या क्षणी तो माणूस खरंच अफाट वाटला. अक्षर हातात नसताना त्याने ते शोधलं होतं, पण जिथे हवं तिथेच शोधलं होतं.

“उत्तरं करणं माझं काम, हे तुम्ही आत्ता मान्य केलंत,” ती म्हणाली. “मग पुस्तकावर माझं नाव घाला.”

“नाव कामाला नसतं, ताई. नाव जबाबदारीला असतं.”

“मग या चुकीची जबाबदारी कुणाची?”

“तुझी. आत्ताच सिद्ध झालं.”

“म्हणजे नाव माझं.”

सर थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला. तर्क बिनचूक होता आणि बिनचूक तर्कापुढे मान तुकवणं हा त्यांचा धर्म होता.

“बरोबर,” ते म्हणाले. “बस. शुद्धिपत्र टाईप करून घे.”

ती सरांच्या टेबलावरच्या संगणकासमोर बसली. सर येरझाऱ्या घालत सांगू लागले आणि ती टाईप करू लागली. ‘चौदाव्या आवृत्तीतील उत्तरसूचीत अनवधानाने गंभीर चुका राहिल्या आहेत. सदर चुका उत्तरसूचीचे काम पाहणाऱ्या’ – इथे सर थांबले. “पूर्ण नाव घाल. आडनावासकट. नेमकं कोण ते लोकांना कळायला हवं.” तिने नाव घातलं. ‘यांच्या हलगर्जीपणामुळे झाल्या असून, लेखकद्वयाने त्या तत्परतेने लक्षात आणून दिल्या आहेत. सुधारित उत्तरसूची सोबत जोडली आहे.’

“लेखकद्वय छान आहे,” चिरंजीव म्हणाले.

ताईने उठून ते यंत्र खिडकीबाहेर टाकलं असतं, तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. तिने टाकलं नाही. नर्सबाईंसारखे आणखी किती जण खोडत बसले असतील, त्यांच्या हातात ती पानं पडायला हवी होती, आणि हे शुद्धिपत्र लावल्याशिवाय सर पानं जाऊ देणार नव्हते. शिवाय तिच्या बोटांखाली दुसराच हिशेब चालला होता. गेले अकरा दिवस ती जे एक विधान उराशी धरून बसली होती, ते तिने आयुष्यात पहिल्यांदा कागदावरच्या प्रश्नासारखं समोर ठेवून पाहिलं. उत्तरं चुकली, की माझं नाव पुढे येईल. यात धरलेलं काय होतं? की चूक दिसली म्हणजे लोक विचारतील, आजवर बरोबर कोण करत होतं? तिने ते पालथं घातलं. लोक असलं काही विचारत नाहीत. लोक फक्त विचारतात, चुकलं कोण? विधान तर कोसळलं नाहीच. नाव पुढे आलं होतं. अगदी आडनावासकट.

सहाशे प्रश्न लिहिणारी बाई एका प्रश्नात नापास झाली होती आणि तो प्रश्न तिच्या स्वतःच्या घरातला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो फक्त सरांच्याच दिव्याखाली असतो, असं तिने इतकी वर्षं धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यातून शुद्धिपत्रं आणि सुधारित पानं आली. शिल्लक पुस्तकांत चिकटवायचं काम घरीच करायचं ठरलं. विकलेल्या पुस्तकांसाठी क्लासाच्या दाराशी गठ्ठा ठेवला. पहिल्याच दिवशी येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो उचलला, वाचला आणि प्लायवूडच्या भिंतीकडे बघत एकमेकांना कोपरं ढोसली. सरांनी चुका शोधून काढल्या याचं कौतुक झालं. दोघा-तिघांनी तर सरांना विचारलं, की असा माणूस कामावर ठेवता तरी कशाला?

नर्सबाई आल्या, त्यांनी कागद वाचला आणि त्या तडक सरांच्या खोलीकडे निघाल्या. ताईने त्यांना हाताला धरून अडवलं. “अभ्यास करा,” ती म्हणाली. “तुम्हाला महिनाच आहे.”

घरी आई आणि ताई खळीचं भांडं मध्ये घेऊन बसल्या. आई पुस्तक उघडायची, ताई मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला शुद्धिपत्र लावायची. आई शाळेत फारशी गेली नव्हती, पण नावं वाचायची. पाच-सहा पुस्तकं झाल्यावर तिने एक कागद उचलून डोळ्यांजवळ धरला.

“हे तुझंच ना?” तिने नावावर बोट ठेवलं. “बघ. शेवटी आलं की नाही? उगाच इतके दिवस तोंड पाडून बसली होतीस.”

“हो,” ताई म्हणाली. “आलं.”

आईने तो कागद पदराने पुसून परत दिला. ताईने त्याला खळ लावली, पानावर सरळ ठेवला आणि कडा अंगठ्याने दाबल्या. काकांनी नाव ठळक टाईपात घेतलं होतं, वर-खाली मोकळी जागा सोडून. छापलेलं नाव दिसायला चांगलं दिसत होतं. हे तिला कबूल करावं लागलं आणि त्या सगळ्यात तिला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली.